खाट अकरा, डावा हात

कुंदाबाई मढवी, राहणार खारीगाव,
तुमचा डावा हात मला अजून पाठ आहे.
कोपराच्या खळीत गोंदलेले तीन ठिपके,
आणि रबरी पट्टा सापडेना तेव्हा
उजव्या मुठीनं तुम्हीच आवळून धरलेला दंड.

पहिली सुई शिरेच्या शेजारून गेली.
दुसरीनं जागा जांभळी झाली.
तिसरीला माझीच बोटं कापायला लागली,
तर तुम्ही म्हणालात,
"टोच रं पोरा. आमचे पोऱ्यानी रिक्षा शिकताना
आमचाच कुंपन पारलेला."

चौथी सिस्टर लोखंड्यांनी माझ्याकडून टोचून घेतली.
"डोळ्यानं शोधू नकोस. शीर दिसत नसते,
बोटाला लागते."
साडेचार वर्षांच्या पुस्तकांत
हे वाक्य कुठंच नव्हतं.

चाळिसाव्या हातापासून मला जमू लागलं.
आधीचे एकोणचाळीस हात
कळव्याच्या डोंगरावरून पाण्याचे हंडे उतरवणारे,
दिघ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर लागलेले,
एक भिवंडीचा मागवाला, ज्याला फक्त झोपायचं होतं.
घोडबंदरच्या टॉवरमधला
एकही हात त्यांत नव्हता.
ते लोक मला नंतर भेटले,
माझं शिकून झाल्यावर.

आज एक फॉर्म आलाय.
पदवीनंतरचं सक्तीचं प्रशिक्षण
आपणास योग्य वाटते काय?
होय. नाही. योग्य तिथे खूण करा.

'होय'वर पेन टेकवलं की इरफान दळवी दिसतो,
ड्यूटीच्या चौतिसाव्या तासाला
भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला,
हातात पोटॅशियमची बाटली.
सिस्टरनं ती हलकेच काढून घेतली
आणि कुणाला काही सांगितलं नाही.
वॉर्डातला टीबी त्याला मार्चमध्ये लागला.
रजा मंजूर झाली,
आणि रजेचे दिवस मोजून
इंटर्नशिप तेवढीच पुढं ढकलली.
स्टायपेंड तर तेव्हा तीन महिने थकलेलाच होता.

मग 'नाही' म्हणावं,
तर डोळखांबच्या पुढची ती रात्र आडवी येते.
बॉण्डचं वर्ष. वीज गेलेली.
जुलाबांनी सुकलेलं दोन वर्षांचं पोर,
शिरा सगळ्या बसलेल्या,
बापाच्या हातात मोबाइलचा उजेड.
मी डोळे मिटून घेतले.
लागली.

ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये बरेचदा सांगतो.
मी निघाल्यावर त्या खुर्चीवर
पावसाळाभर कुणीच बसलं नाही,
हे सांगायचं राहून जातं.
त्या पाड्याला वर्षाचा पाहुणा मिळाला,
मला अनुभवाचं प्रमाणपत्र.

बॉण्ड दहा लाखांचा होता, स्टँपपेपरवर.
माझी सही, बाबांची सही, दोन साक्षीदार.
तुमचा अंगठासुद्धा नव्हता त्यावर, कुंदाबाई,
आणि फेडायचं म्हटलं
तर देणं तुमचंच निघतं.

आता वाशीला माझं क्लिनिक आहे, एसी आहे,
पेशंट म्हणतात, डॉक्टर, हात हलका आहे तुमचा,
टोचलेलं कळलंसुद्धा नाही.
मी थँक यू म्हणतो.

गेल्या आठवड्यात कळव्याला
एका मित्राला भेटायला गेलो आणि तिथंच
तापानं फणफणलो.
रक्त घ्यायला आली एक इंटर्न,
नावाची पट्टी उलटी लावलेली,
डोळ्यांखाली दोन रात्रींची काजळी.
पहिली शेजारून गेली.
दुसरीला म्हणाली, सॉरी सर.
मी तिला तुमच्या कुंपणाची गोष्ट सांगितली.
ती हसली नाही.
तिला ऐकूच आली नसावी.

तिसरी आत शिरली तेव्हा
मी खिडकीबाहेर, खाडीकडे बघत राहिलो.
फॉर्म अजून कोराच आहे.

दुखतं हो, कुंदाबाई.
एवढं दुखतं,
हे तुम्ही तेव्हा बोलला नाहीत.